कोरडेवाडीच्या तळ्यावरचे पाहुणे

गावाचं नाव कोरडेवाडी, आणि गावाला तळं मात्र या टोकावरून ते टोक न दिसणारं. अशा गावात एक भोळा माणूस होता. नाव गेनबा. वय चाळीस, अंगानं रेड्यासारखा, मनानं लोण्यासारखा. कुणी काही सांगितलं की तो ते करायचा. तेवढंच करायचा आणि तसंच करायचा. त्याला माणसं का घाबरायची, हे त्याला कधी कळलं नाही.

थंडी पडली की तळ्यावर लांबलांबचे पक्षी यायचे. पक्षी आले की ते बघायला गळ्यात दुर्बिणी अडकवून शहरातली माणसं यायची. अण्णा भोईच्या दोन नावा होत्या. तीन महिने अण्णा त्या माणसांना तळ्यात फिरवायचा आणि बाकीचे नऊ महिने त्याच्या गप्पा मारायचा.

त्या वर्षी अण्णाचा पाय मुरगळला, म्हणून त्यानं गेनबाला कामावर घेतलं.

"हे बघ गेनबा, जिल्ह्याचे मोठे साहेब यंदा तळं बघायला येणार आहेत. त्यांनी सही केली तर तळं पक्ष्यांसाठी राखून ठेवतील. नाही केली तर ठेकेदार येईल, जाळी टाकील, आणि आपल्या नावा चुलीत जातील. तेव्हा नीट वाग."

"नीट म्हणजे कसं?"

"पाहुणे लांबून येतात, दमलेले असतात. आल्या आल्या चहा द्यायचा."

गेनबानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचे मास्तर सायकलवरून ओरडत गेले, "अरे, पाहुणे आले! रशियाकडून आलेत!" गेनबा तळ्यावर धावला. उथळ पाण्यात दोनशे रोहित पक्षी एका पायावर उभे होते. लांबून आले होते आणि दमलेले दिसत होते, कारण दुसरा पाय टेकवायचंही त्यांच्यात त्राण नव्हतं. गेनबा किटली आणि कपबशा घेऊन गुडघाभर पाण्यात शिरला. "साखर कमी का जास्त?" असं त्यानं विचारलं. दोनशे रोहित उडाले आणि पलीकडच्या तालुक्यात जाऊन बसले.

अण्णा लंगडत आला. "गाढवा! पाहुण्यांजवळ जातात होय? पाहुणे आले की झुडपाआड बसायचं, हलायचं नाही, आवाज काढायचा नाही. नुसतं बघत राहायचं!"

"असं होय," गेनबा म्हणाला. "आधी सांगायचं ना."

त्या रविवारी पुण्याहून एक जोडपं आलं. बाईंच्या डोक्यावर मोठी टोपी होती. बुवांच्या हातात आणखी मोठा कॅमेरा होता. गेनबा लगेच बाभळीआड बसला आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"नाववाले! ओ नाववाले!" बुवांनी हाका मारल्या.

गेनबानं श्वास रोखला.

अर्ध्या तासानं बाईंना झुडपात दोन डोळे दिसले. "अहो, तिथं कुणीतरी बसलंय." बुवा म्हणाले, "कोल्हा असेल." बाई म्हणाल्या, "कोल्ह्याला मिशा असतात, पण तो पटका बांधत नाही." मग दोघंही गाडीकडे पळाली. बाईंची टोपी वाटेत पडली. ती उचलून द्यावी असं गेनबाला फार वाटलं, पण हलायचं नव्हतं.

अण्णानं कपाळावर हात मारला. "अरे, पाहुणा दिसला की धावत पुढं जायचं! मोठ्यानं रामराम घालायचा! त्याच्या हातातलं ओझं आपण घ्यायचं!"

"असं होय. आधी सांगायचं ना."

पुढच्या आठवड्यात सात जण नावेत बसले. गेनबा वल्हं मारत होता. तळ्याच्या मध्ये एका वठलेल्या झाडावर कैकर बसला होता. कैकर म्हणजे मासे मारणारी मोठी घार. त्याच्या पंजात शेरभर वजनाचा मासा होता. सातही जणांनी श्वास रोखून कॅमेरे वर केले. एक जण कुजबुजला, "बारा वर्षं वाट बघतोय मी या फोटोची."

गेनबानं बघितलं. पाहुणा एकटा होता आणि ओझं जड होतं.

"रामराम पावणं!" असं ओरडून त्यानं पाण्यात उडी घेतली. नाव कलली. दोन कॅमेरे तळाला गेले. गेनबा झाडावर चढला आणि म्हणाला, "द्या इकडं." कैकरानं मासा टाकला आणि गेला. गेनबा मासा घेऊन परत आला आणि बारा वर्षं थांबलेल्या माणसाच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "त्यांचं सामान आहे. ते परत आले की द्यायचं."

या वेळी अण्णानं गेनबाला हाताला धरून देवस्थळीबाईंकडे नेलं. बाई पक्ष्यांचा अभ्यास करायला तळ्यावर तंबू ठोकून राहिल्या होत्या. "बाई, याला आता तुम्हीच शिकवा. मला रक्तदाब आहे."

देवस्थळीबाई जाळ्यात पक्षी धरायच्या, त्यांच्या पायात नंबराची कडी घालायच्या आणि सोडून द्यायच्या. त्यांनी गेनबाला शांतपणे समजावलं. "पाहुण्याला त्रास द्यायचा नाही. डोळ्यांवर फडकं टाकलं की तो गप होतो. कडी हलक्या हातानं घालायची, ओरखडा येता कामा नये. वहीत लिहायचं, जात कुठली, नर की मादी, वजन किती. मग लगेच सोडायचं. ठेवून घेणं गुन्हा आहे. पुढं तो कुणाला सापडला की कडीवरचा नंबर बघून ते आपल्याला कळवतात. मग कळतं, कुठला पाहुणा कुठं जातो."

गेनबाला हे फार आवडलं. आठ दिवसांत त्यानं चाळीस पक्ष्यांना कड्या घातल्या. एकाचंही पीस वाकलं नाही. बाई म्हणाल्या, "इतका हलका हात मी बघितला नाही." गेनबाच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच कुणी शाबासकी दिली होती.

"बाई, सगळ्याच पाहुण्यांना घालायची का हो कडी?"

"जमलं तर फारच उत्तम," बाई म्हणाल्या, आणि उरलेल्या कड्या, पक्कड अन् वही त्याच्याकडे ठेवून तंबू आवरून गेल्या.

दोन दिवसांनी मोठे साहेब आले. त्यांनी नावेतून चक्कर मारली. बदकांना बगळे म्हणाले, बगळ्यांना करकोचे म्हणाले. अण्णा दर वेळी "अगदी बरोबर" म्हणाला. मग साहेबांनी मरळ माशाचं कालवण ओरपलं, चार भाकरी खाल्ल्या, खूश होऊन कागदावर सही केली आणि बूट काढून लिंबाखालच्या बाजेवर आडवे झाले. क्षणात घोरायला लागले. अण्णा कागद छातीशी धरून सरपंचांना दाखवायला गेला. जाताना म्हणाला, "गेनबा, पाहुण्यांकडे लक्ष ठेव."

गेनबानं लक्ष ठेवलं.

बाईंच्या कड्या साहेबांना लहान होत्या. मग त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या आणि खिळ्यानं त्यावर स्वतःचा मोबाइल नंबर कोरला. साहेबांच्या मोज्यावर कडी चढवून त्यानं पक्कडीनं दाबली. साहेब झोपेतच म्हणाले, "कोण आहे रे?" गेनबानं त्यांच्या तोंडावर आपला पटका टाकला. साहेब गप झाले. बाई खोटं बोलत नव्हत्या.

मग त्यानं वहीत लिहिलं. जात, साहेब. नर. वजन, अंदाजे दोन पोती. आवाज, घोगरा. खाणं, मासे.

साहेब उठले, अर्धवट झोपेतच बूट घातले, पँट झटकली आणि गाडीत बसले. गेनबानं दोन्ही हात वर करून त्यांना सोडलं.

दिवेलागणीला फोन वाजला. पलीकडे एक बाई होत्या.

"हा नंबर कुणाचा? आमच्या ह्यांच्या पायात पत्र्याची कडी आहे. त्यावर लिहिलाय."

गेनबाला केवढा आनंद झाला! त्यानं घाईनं वही उघडली. "कुठं सापडला?"

"सापडला? अहो, घरी आलेत! सोफ्यावर झोपलेत!"

"जिवंत आहे ना?"

"घोरतायत."

"आपणहून आला, की पकडून आणला?"

बाईंच्या आवाजात हसू फुटलं. "पकडूनच आणला होता. तेवीस वर्षं झाली."

गेनबाचा हात वहीवरच थांबला. त्याला खरंच काळजी वाटली. आवाज खाली आणून, बाईंना वाईट वाटू नये अशा बेतानं, तो म्हणाला,

"तेवीस वर्षं? अहो बाई, गुन्हा आहे तो! नंबर लिहून घ्या आणि आत्ताच्या आत्ता सोडून द्या त्यांना!"