रिकामा धोटा

घरोघरी माग होते तेव्हाची गोष्ट. एका गावात विणकरांची आळी होती आणि त्या आळीचा एक रिवाज होता. सकाळपासून सगळे माग खटखट वाजत. एखादा माग मध्येच गप्प झाला, की शेजारी हातातलं काम टाकून बघायला जात. सूत तुटलं असलं तर सांधून देत, ताप असला तर काढा पाजत.

त्या आळीत सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी होती. हात इतका चांगला, की थोरल्या बहिणीच्या लग्नाचं लुगडं तिलाच विणायला दिलं होतं. पण दिवाळीनंतर तिचं काय बिनसलं कोण जाणे. जेवण जाईना, कशात जीव रमेना, सारखं रडू येई. कुणी भांडलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. मग हे रडू कसलं, तिचं तिलाच उमजेना. कारणच ठाऊक नाही तर सांगायचं काय, असं म्हणून ती गप्प राही. मागावर बसून 'माझंच काहीतरी चुकतंय' एवढंच दिवसभर मनात घोळवी. घोळवता घोळवता विणीत चुका होत आणि हात थांबत.

हात थांबले की शेजारी येणार, विचारणार. म्हणून पोरीनं शक्कल लढवली. ताण्यातून आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी काढून ठेवली आणि रिकामाच धोटा इकडून तिकडे फेकू लागली. खटखट चालू, आळी निर्धास्त. शेजारची आत्या तर येताजाता तिच्या कामसूपणाचं कौतुक करी. ते ऐकून मुलीला आणखीच एकटं वाटे.

पंधरा दिवस गेले. लुगडं बोटभरही पुढे सरकलं नाही आणि लग्न आठवड्यावर आलं. एका दुपारी मात्र तिला हातच उचलवेना. भीत भीत तिनं धोटा खाली ठेवला.

आत्या लगबगीनं आली. तिनं रिकामा धोटा पाहिला, अर्धवट लुगडं पाहिलं.

"आत्या, मला काय झालंय तेच कळत नाही गं," मुलगी म्हणाली.

"नसू दे कळलं. माग थांबवलास ना, तेवढं पुरे," असं म्हणून आत्या तिच्याजवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी आई तिला वैद्याकडे घेऊन गेली. लुगडं आळीतल्या बायकांनी पाळीपाळीनं पुरं केलं. वीण जागोजागी वेगळी दिसत होती, पण नवरीनं ते हौसेनं नेसलं. मुलगी काही एका दिवसात बरी झाली नाही. वाईट दिवस येतच राहिले, पण अशा दिवशी तिचा माग गप्प असे आणि कुणीतरी दारात येई.

आळीही शहाणी झाली. नुसती खटखट ऐकून न थांबता अधूनमधून कापडही बघू लागली.

तात्पर्य: मन का दुखतंय हे कळलं नाही, तरी दुखतंय एवढं सांगावं, आणि आपलं माणूस कामात दिसतंय म्हणून ते सुखात आहे असं समजू नये.