ढिवरटोल्याचा कोरा घाट

बोरपेठेच्या समोर, वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर, काळ्या दगडाचा एक घाट आहे. एकवीस पायऱ्या, दोन्ही अंगांना बुरूज आणि वरच्या टप्प्यावर लेख कोरलेली शिळा. जुन्या घाटांच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात, त्यांत पावसाचे पाणी साचते. इथे तसे काही नाही. पायऱ्यांच्या कडा अजून बोटाला लागतात. पाथरवट कालच छिन्नी गुंडाळून घरी गेला असावा असे वाटते. ढिवरटोल्याची माणसे या घाटाच्या डाव्या अंगाने, चिखलातून नदीत उतरतात. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत रुततात, घसरून पडतात, पण हाताच्या अंतरावरच्या दगडाला पाय लावत नाहीत.

पाहुणा दमून घाटावर टेकायला गेला, की टोल्यातले उदारामजी लांबूनच हाक मारतात, "तिथं नाई बसायचं, पाव्हणं. इकडं या, सावलीत." ऐंशी गाठलेले हे गृहस्थ पूल होण्याआधी इथे डोंगा चालवत. मोहाच्या झाडाखाली पाहुण्याला बसवून, पाण्याचा गडवा पुढे करून ते जे सांगतात, ते असे.

राज्य तेव्हा कोणाचे होते, यावर जुन्या माणसांचे एकमत नाही. राजा दूर गडावर राहायचा आणि बोरपेठेत त्याचा दिवाण असायचा, एवढे सगळेच सांगतात. बोरपेठ उंच काठावर, दगडी घरांची. समोर सखल काठावर ढिवरांचा, म्हणजे मासे धरणाऱ्या नावाड्यांचा, ढिवरटोला, चाळीस कुडाच्या झोपड्या. टोल्याकडे नऊ डोंगे होते. एकेका झाडाचा बुंधा कोरून केलेले, लांबट आणि अरुंद. ते चालवणाऱ्यांत लटारू पहिला. वल्हे त्याच्या हातात असले की डोंगा पाण्यावर चालतो की पाण्याच्या आतून, ते कळत नसे म्हणे. त्याची बायको भागरता. त्यांना सहा वर्षांची एक मुलगी होती, झेली.

राजाचा एक जुना हुकूम होता. महापूर आला आणि बोरपेठेत नगारा वाजला, की नदीवरच्या सगळ्या डोंग्यांनी दिवाणापुढे हजर व्हायचे.

त्या वर्षी भादव्यात वरच्या मुलखात चार दिवस पाऊस लागून राहिला. पाचव्या दिवशी सकाळी नदीचा रंग बदलला, फेसासोबत झाडे वाहत येऊ लागली, आणि नगारा वाजला. लटारूने आपल्या डोंग्याच्या टोकाला नेहमीसारखे लाल फडके बांधले.

"बोरपेठेच्या खालच्या आळीत पानी शिरलं असंल. तेवढी माणसं काढतो आन् येतो," तो भागरताला म्हणाला. "तू झेलीले आन् बुढ्या माणसांले घेऊन मातामायच्या टेकाडावर जा. दुपारच्या आत येतो."

नऊही डोंगे गेले. टोल्यात राहिल्या त्या बायका, लेकरे आणि म्हातारी माणसे.

मातामायचे, म्हणजे टोल्याच्या ग्रामदेवीचे, ठाणे टोल्यामागच्या टेकाडावर होते. भागरता सगळ्यांना घेऊन तिथे चढली. तिथून समोरचा काठ दिसायचा. हाक पोहोचत नव्हती, पण डोळ्यांना सगळे दिसत होते. खालच्या आळीतली माणसे डोंग्यांत बसून वरच्या देवळाकडे गेली. पहिल्याच खेपेला लटारूने एका पोटुशी बाईला उचलून डोंग्यात घेतले, हेही टेकाडावरून दिसले. दुपार झाली. आळी रिकामी झाली. आता डोंगे वळतील, असे भागरता शेजारणींना म्हणाली.

डोंगे वळले नाहीत. ते दिवाणाच्या वाड्याच्या मागच्या दारी लागले. आधी धान्याच्या गोण्या निघाल्या. मग पेट्या. मग दोन गाई, पाय बांधून आडव्या घातलेल्या. इकडे टोल्याच्या झोपड्या एकेक करून बसत होत्या आणि पाणी टेकाडाला लागले होते. बायकांनी लुगडी सोडून हवेत हलवली. झेलीने विचारले, "आई, बाबाले आपन दिसत नाई का वो?" भागरताने तिचा हात घट्ट धरला. लाल फडक्याचा डोंगा तिच्या नजरेसमोर होता. त्यावर चौघे जण मिळून काहीतरी मोठे ठेवत होते. कड्या चमकल्या तेव्हा तिला ओळखू आले. ती दिवाणाच्या ओसरीवरची सागवानी बंगई होती. बंगई म्हणजे झोपाळा. तो आडवा बांधला गेला आणि तिचा नवरा तो वल्हवत देवळाकडे घेऊन गेला.

तिकडे काय झाले ते मागाहून कळले. लटारूने दिवाणाचे पाय धरले होते. "सरकार, टोल्यात लेकरंबाळं हायेत. एक खेप तिकडची करू द्या."

दिवाण हसून म्हणाला, "ढिवर कधी पाण्यात बुडतो का रे? तुम्ही तर पाण्याचीच माणसं. आधी हे हलवा."

काठावर शिपाई भाले घेऊन उभे होते. लटारूने बंगई नेली. परत आला तेव्हा त्याला समोरच्या टेकाडाची एक बाजू ढासळताना दिसली. मग त्याने कुणाचे ऐकले नाही. दोर कापला आणि डोंगा प्रवाहात लोटला. त्याच्यामागे बाकीचे आठ निघाले. शिपाई ओरडत राहिले.

ते पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. टेकाडावरच्या मोहाच्या फांद्यांना धरून माणसे लोंबत होती. ती सगळी निघाली. भागरताही निघाली. टेकाड ढासळले तेव्हा झेलीचा हात तिच्या हातात होता. पाण्यातून वर आली तेव्हा नव्हता. टोल्याची एकोणीस माणसे त्या दिवशी गेली.

आठ दिवसांत गडावरून मदत आली. बोरपेठेच्या प्रत्येक घराला धान्य मिळाले, कापड मिळाले, खालच्या आळीला नव्या कौलांची छपरे मिळाली. टोल्याला तांदळाच्या कणीची दोन पोती आली, तीही भिजलेली. टोल्याने कुडाच्या झोपड्या पुन्हा आपल्या हातांनी उभ्या केल्या.

भागरता नवऱ्याशी बोलत नव्हती. भाकर वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. दिवाळी गेली. एके दिवशी लटारू जाळे विणत असताना ती समोर येऊन उभी राहिली आणि तिने एवढेच विचारले, "बंगई भिजली नाई ना?"

लटारूच्या हातातले सूत गळून पडले.

त्याच हिवाळ्यात पाथरवट आले. बैलगाड्यांतून काळा दगड येऊ लागला. शिवरात्रीची जत्रा टोल्याच्या बाजूने जायची, म्हणून राजाने तिथे घाट बांधायला काढला होता. टोल्यातल्या लोकांना बरे वाटले. उशिरा का होईना, राजाला आपली आठवण झाली, असे ते म्हणू लागले. घाट पुरा झाला, लेखाची शिळा बसली. उद्घाटनाला राजा स्वतः येणार होता, तोवर दोरी बांधून वाट बंद ठेवली होती. जत्रेला निघालेला एक गोसावी तिथे थांबला तेव्हा भागरताने त्याला शिळेवर काय लिहिले आहे ते विचारले. त्याने वाचून दाखवले:

"भाद्रपदीच्या महापुरात श्रीमंतांनी सर्व प्रजेस तारिले. एकही जीव गेला नाही."

भागरताने त्याला पुन्हा वाचायला लावले. मग ती टोल्यात गेली आणि दारोदार फिरून तिने ते जसेच्या तसे सांगितले. कुणी रडले नाही म्हणे. संध्याकाळी सगळे मातामायच्या ठाण्याशी जमले, आणि तिथली माती कपाळाला लावून त्यांनी शपथ घेतली, की त्या शिळेवर ती अक्षरे आहेत तोवर टोल्याचा पाय त्या घाटाला लागणार नाही.

राजा आला. वाजंत्री वाजली, दोरी सुटली, गुलाल उधळला गेला. पहिल्या पायरीवरून टोल्याच्या ढिवरांनी उतरावे आणि राजाला डोंग्यातून नदीची फेरी घडवावी, असे ठरले होते. नऊही डोंग्यांचे ढिवर आले आणि घाटाला वळसा घालून चिखलातून उतरले. वाजंत्री थांबली. राजाने कारण विचारले, तेव्हा भागरता पुढे झाली.

"राजेसाहेब, तुमच्या गोट्यावर खोटं लिवलं हाय. आमची एकोणीस माणसं गेली. माही लेक गेली."

राजाने दिवाणाकडे पाहिले. दिवाण जराही गडबडला नाही. "महाराज, टोला शिवेबाहेर आहे. बोरपेठेत एकही जीव गेला नाही. तेवढंच लिहिलंय."

राजाचा चेहरा उतरला, असे सांगतात. माणूस वाईट नव्हता. पण भोवती पाहुणे राजे होते, सरदार होते. तो म्हणाला, "बाई, कोरलेला शब्द राज्याचा असतो. तो पुसत नाहीत. तुला हवं ते माग. लुगडी, धान्य, गाई, काय वाटेल ते देतो."

"मले काई नको," भागरता म्हणाली. "तुमाले पुसता येत नाई, तं आमाले चालता येत नाई."

एवढ्या लोकांसमोर असे ऐकून घेणे राजाला जमले नाही. त्याने घाटाच्या दोन्ही अंगांना काठभर चिखलात भालेकरी उभे केले आणि फर्मावले, की टोल्याने नदीला जायचे तर घाटावरून जायचे, नाहीतर जायचे नाही.

टोला नदीला गेला नाही. टोल्यात विहीर नव्हती. दूर शेतांत एक बोडी होती, गुरे लोळायची ते तळे. तिथले गढूळ पाणी फडक्यातून गाळून लोक पिऊ लागले. जाळी वाळून कडक झाली. तिसऱ्या दिवशी लेकरांना जुलाब सुरू झाले. घाट दारात, नदी त्याच्या पायथ्याशी, आणि स्वच्छ पाण्याचा आवाज झोपडीत ऐकू येत होता. एका म्हाताऱ्याने चौथ्या दिवशी विचारलेच, "एक पाय ठेवला तं काय होते, भागरता?" तिने आपल्या वाटचे गाळलेले पाणी त्याच्या पुढे ठेवले आणि निघून गेली. त्यानंतर तसे कुणी विचारले नाही.

समोर बोरपेठेच्या काठावर जत्रेकरू अडकून पडले. राजाच्या शिपायांनी स्वतः डोंगे चालवून पाहिले. ते भोवऱ्यासारखे गरगरले आणि तीन शिपाई कसेबसे वाचले. बोरपेठेचा बाजार बसला.

सातव्या दिवशी सकाळी लटारू झोपडीतून निघाला. त्याने वल्हे खांद्यावर टाकले आणि थेट चिखलाकडे चालू लागला. भालेकऱ्याने भाला रोखला. लटारू थांबला नाही. भाल्याचे टोक छातीला लागले, तरी तो आणखी एक पाऊल पुढे गेला. रक्त आले. अख्खा टोला मागे येऊन उभा राहिला होता.

"मागे हो रे," भालेकरी ओरडला.

"त्या दिशी मी भाल्याले भ्यालो," लटारू म्हणाला. "आज भीत नाई. ढकल."

भालेकरी बोरपेठेच्या खालच्या आळीतला होता. लटारूने पहिल्या खेपेत डोंग्यात उचलून घेतलेली पोटुशी बाई त्याची बायको होती. मग त्याने भाला मागे ओढला, चिखलात रोवला आणि बाजूला झाला. ते पाहून दुसरा झाला, तिसरा झाला.

भागरता लोकांतून पुढे आली. पदर फाडून तिने नवऱ्याच्या छातीवर घट्ट बांधला. महापुरानंतर बंगईचा एक प्रश्न सोडला, तर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "चाल. डोंगा ओढू." आणि दोघांनी मिळून तो चिखलातून पाण्यात नेला.

राजा नदीची फेरी न करताच गडाकडे परतला. दिवाण काही वर्षांनी गेला, राज्यही गेले. शिळेवरची अक्षरे मात्र कुणी पुसली नाहीत, आणि टोल्यानेही शपथ मोडली नाही. दर पुरात नदी त्या अक्षरांत गाळ भरते, आणि तो गाळ कितीही खरवडला तरी निघत नाही म्हणे.

आजही टोल्यात नवी सून आली की तिला चिखलातूनच नदीदर्शनाला नेतात. आजही पूर चढला की टोल्याचा एक डोंगा मोहाला बांधलेला राहतो. कुणीही मागितला तरी तो सुटत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या पुरात पूल बुडाला. सरकारी रबरी होड्या दोन दिवस बोरपेठेतच फिरत होत्या. टोल्याला पहिली होडी लागली ती तिसऱ्या दिवशी. होडीवाल्याने ती सोयीची म्हणून घाटाला आणली. आतून एक तरुण अधिकारी बाई उतरू लागली. उदारामजींनी तिला थांबवले, म्हणाले, "बाई, तिथून नको. इकडून या." तिने कारण विचारले. पावसात छत्री धरून उदारामजींनी तिला हे सगळे सांगितले, आणि ती होडीत उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग बूट हातात घेऊन ती चिखलात उतरली. दोनदा घसरली, टोल्यातल्या बायकांनी तिला हात दिला.

पाहुणे इथे हमखास म्हणतात, चला, शेवटी कुणीतरी ऐकले तर. उदारामजी गडवा उचलतात, उरलेले पाणी मोहाच्या मुळाशी ओततात आणि म्हणतात, "बाई चांगली होती. पुढच्या पुरात होडी आदी कुठं लागते, ते पाहू. मंग बोलू."