ओल्या फडक्यातले विडे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की माणूस कामावर ठेवायला तेव्हा कागद लागत नसे, विडा लागे. ज्याला माणूस हवा, त्याने त्याच्या घरी तबकात विडा पाठवायचा. तो खाल्ला, की काम पत्करलं. नको असेल तर परत पाठवायचा, त्यात कुणाचा अपमान नाही. अट एकच, पान सुकायच्या आत उत्तर द्यायचं.

त्या राज्यात एक तरुण रंगारी राहत होता. हाताने चोख. त्याचा लाल रंग शंभरदा धुतला तरी उतरत नसे. गावातलं काम आटलं, तेव्हा तो थेट राजवाड्याच्या रंगशाळेत आपला नमुना देऊन आला. तिथल्या कारभाऱ्याने कापड उजेडात धरून पाहिलं आणि म्हटलं, "कळवू."

कळवू! या एका शब्दावर माणसं किती दिवस काढतात, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. रंगाऱ्याचेही डोळे वाटेला लागले. राजवाड्याची रंगशाळा हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं.

महिना गेला. राजवाड्यातून कुणी आलं नाही, पण एका व्यापाऱ्याचा विडा आला. दुसऱ्याच दिवशी नदीपलीकडच्या विणकरांच्या वाडीतून आणखी एक आला. वाडीचा म्हातारा रंगारी वारला होता आणि त्याचा निळीचा रांजण मागे राहिला होता. रांजणातली नीळ आंबवलेली असते. ती जाणत्या हाताने रोज ढवळावी लागते, नाहीतर रांजण मरतो आणि वाडीचे माग थांबतात.

आता आनंद व्हावा की नाही? पण आमचा रंगारी पेचात पडला. विडा खावा, तर राजवाडा गेला. परत करावा आणि राजवाड्यानेही नाही म्हटलं, तर? तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं! मग त्याने शक्कल काढली. दोन्ही विडे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवले. पान सुकणारच नाही, तर मुदत संपेल कशी? सकाळ-संध्याकाळ फडक्यावर पाणी शिंपडायचं आणि कुणाचा माणूस विचारायला आला, की सांगायचं, "पान अजून हिरवं आहे." खोटं बोलत नव्हता बरं का. नियमावर बोट ठेवून चालला होता.

नवव्या दिवशी त्याची आत्या माठाकडे पाणी घ्यायला गेली. तिने फडकं उलगडलं, तर एका पानाच्या कडा काळ्या पडलेल्या.

"हे काय रे?"

"राजवाड्याचं उत्तर येईपर्यंत ठेवलेत, आत्या."

"राजवाड्याला ठाऊक आहे, तू त्यांच्यासाठी अडून बसलायस ते?"

"त्यांना कसं सांगायचं? रागावले म्हणजे?"

"बरं, वाडीवाल्यांना ठाऊक आहे?"

"छे! कळलं तर विडा काढून नेतील."

"म्हणजे कुणालाच काही ठाऊक नाही आणि तू फडकं भिजवत बसलायस," आत्या म्हणाली. "अरे, विचारायला काय जीभ झिजते?"

रंगाऱ्याला राग आला. तो ओसरल्यावर त्याने फडकं उचललं आणि निघाला.

व्यापाऱ्याकडे काम करायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. विडा नुसता आधाराला धरून ठेवला होता. त्याने तो परत केला आणि माफी मागितली.

"एवढं सांगायला नऊ दिवस लागले होय?" व्यापारी फणकारला. मग त्याने पायरीवर बसलेल्या एका पिकल्या केसांच्या रंगाऱ्याला हाक मारली. तो बिचारा काम मिळेल या आशेने रोज येऊन तिथे बसत होता. त्याच्यासाठी ताजा विडा आला. म्हाताऱ्याने तो तिथेच पायरीवर उभ्या उभ्या खाल्ला.

आमचा रंगारी मान खाली घालून निघाला. त्याला फार लाज वाटली. आपण फडक्यात दुसऱ्याची भाकरी गुंडाळून ठेवली होती, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

वाडीत सगळे एका म्हाताऱ्या विणकरणीचं ऐकत. रंगारी तिच्यासमोर बसला.

"बाई, खरं सांगतो. मी राजवाड्याच्या उत्तराची वाट बघतोय. तुमचं कामही मला आवडलंय, पण आज हो म्हटलं तर अर्ध्या मनाने म्हणेन. तुम्ही किती दिवस थांबू शकाल?"

म्हातारीने रांजणावरचं झाकण काढून वास घेतला. "माझी सून ढवळते, पण तिला यातलं कळत नाही. सोमवारपर्यंत तग धरेल. सोमवारी दिवेलागणीला हो किंवा नाही. त्यानंतर मी दुसरा बघीन, मग रुसायचं नाही."

"नाही रुसणार."

"आणि हे आधीच सांगितलं असतंस, तरी मी थांबले असते हो!"

तिथून तो राजवाड्यावर कारभाऱ्याकडे गेला. "कारभारीसाहेब, एक विडा हातात आहे. सोमवारी उत्तर द्यायचंय. तोवर तुमच्याकडून काही कळेल का?"

कारभारी मुळीच रागावला नाही. "बरं केलंस विचारलंस. तुझा नमुना मला पसंत आहे. पण राजेसाहेब स्वारीवर गेलेत आणि त्यांच्या शब्दावाचून मला विडा पाठवता येत नाही. दसऱ्याआधी काही नाही, आणि दसऱ्याचंही वचन देत नाही. हातचं सोडू नकोस."

रंगारी वाटेत एका झाडाखाली बसून पोटभर रडला. मग उठला, तोंड धुतलं आणि नदी ओलांडली. सोमवार उजाडायच्या आधीच त्याने म्हातारीच्या हातचा नवा विडा साऱ्या वाडीसमोर खाल्ला.

रांजण वाचला. रंगाऱ्याकडे त्याचा लाल होता, वाडीकडे नीळ होती. एकावर एक चढवता चढवता त्याला असा गडद जांभळा साधला, की आजवर तो कुणी पाहिला नव्हता.

दसरा झाला आणि राजवाड्याचा विडा आला! वाडीतले सगळे माग थांबले. रंगाऱ्याच्या काळजात कळ उठली, नाही असं नाही. पण त्याने तबकाला हात जोडले आणि त्याच पावली ते परत पाठवलं. "मी इथलं काम पत्करलंय. ही जागा दुसऱ्या कुणाला लगेच देता येईल," असा निरोप दिला.

पुढच्या वसंतात सुताने लादलेल्या चार गाड्या वाडीत येऊन थांबल्या. राजघराण्याचं जांभळं वस्त्र वाडीतच रंगणार, असं ठरलं होतं. गाडीतून कारभारी स्वतः उतरला.

म्हातारीने विचारलं, "याने तर तुम्हाला नकार दिला होता. राग नाही आला?"

"नकार देणारे पुष्कळ भेटतात, बाई," कारभारी म्हणाला. "वेळेवर देणारा हा पहिलाच. अशा माणसावर काम सोपवलं, की निवांत झोप लागते."

तात्पर्य: वाट पाहण्यात चूक नाही, पण ज्यांना आपण थांबवतो आणि ज्यांच्यासाठी थांबतो, त्या दोघांनाही ते मोकळेपणाने सांगावं.