झाकलेला काटा

एकदा एका वृद्ध गुरूकडे त्यांचा जुना शिष्य आला. तो काही ज्ञान मागायला आला नव्हता, जुनी मोटार निवडायला आला होता.

गुरूंचे नाव दस्तगीर मुजावर, वय शहात्तर. तरुणपणी घाटरस्त्यांवरच्या मोटारशर्यतींत त्यांनी नाव कमावले होते. पुढे चाळीस वर्षे कोल्हापूरकडच्या एका घाटाच्या पायथ्याशी गॅरेज चालवता चालवता त्यांनी कित्येकांना मोटार चालवायला शिकवले. सारी पंचक्रोशी त्यांना वस्ताद म्हणत असे. शिष्य होता श्रीरंग पाटणकर. पंचविसाव्या वर्षी कनिष्ठ अभियंता म्हणून तो त्या भागात नेमणुकीवर आला आणि वस्तादांच्या हाताखाली शिकला. पुढे बढत्या मिळाल्या, सरकारी गाडी मिळाली, चालक मिळाला, आणि तो तीस वर्षे मागच्या आसनावर बसून फायली वाचत राहिला. मुख्य अभियंता म्हणून निवृत्त होऊन त्याला आता दोन वर्षे झाली होती.

"वस्ताद, एक स्पोर्ट्स कार घ्यायची आहे," तो म्हणाला. "नवी परवडायची नाही. वापरलेल्या दोन बघून ठेवल्यात. वळणावर खेळवायला मजा यावी, एवढीच इच्छा आहे."

त्याने फोनवर छायाचित्रे दाखवली. एक गाडी लालभडक, रुंद खांद्यांची, साडेतीनशे अश्वशक्तीची. दुसरी पांढरी, दोनच आसनांची, बुटकी. ताकद पहिलीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी आणि रंग उन्हाने विटलेला.

"तसं म्हटलं तर लाल ठरल्यातच जमा आहे. तुमचा फक्त होकार हवा."

"ठरलंय, तर माझ्याकडं कशापायी आलास?" वस्तादांनी विचारले.

वस्ताद त्याच्या उत्तरासाठी थांबले नाहीत. "रविवारी सकाळी दोन्ही गाड्या मालकांसकट हितं यायला सांग," एवढेच म्हणाले.

रविवारी लाल गाडी घेऊन जयदीप सरनोबत आला. तिशीतला, इमारती बांधणारा, हसतमुख गृहस्थ. पांढरी गाडी सुमती केळुस्कर यांची होती. भूगोलाच्या निवृत्त प्राध्यापिका, वय एकोणसत्तर. त्या गाडीतून उतरल्या तेव्हा दाराचा आधार घेऊन क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. "डावा गुडघा क्लच दाबू देत नाही आता," त्या म्हणाल्या. "पण आज शेवटचं म्हणून मीच आणली."

वस्तादांनी आधी जे करायचे ते रीतसर केले. टायरच्या आतल्या कडांवरून तळवा फिरवला, गाड्यांखाली शिरून सांगाडा पाहिला, इंजिनांचा आवाज ऐकला. लाल गाडीत एकही उणीव निघाली नाही. पांढरीच्या पुढच्या चाकांजवळची रबरे झिजलेली होती आणि दाराखाली थोडा गंज होता. ते त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले.

मग त्यांनी दोन्ही मालकांना एकच प्रश्न विचारला. "ही गाडी घेऊन तुम्ही कुठं कुठं गेलात?"

जयदीप हसला. "खरं सांगू का, वस्ताद? वेळच मिळत नाही. सहा वर्षांत अकरा हजार किलोमीटर. लग्नसराईत लोक फोटो काढायला मागतात, तेवढीच बाहेर निघते."

सुमतीबाई मात्र सांगत राहिल्या. कोणत्या घाटात कोणत्या महिन्यात धुके उतरते, कोणत्या वळणावर करवंदाच्या जाळ्या आहेत, कोठे रस्ता अचानक आखडतो. त्यांना थांबवावे असे कोणालाच वाटले नाही.

यानंतर वस्तादांनी जे केले त्याचा अर्थ श्रीरंगाला कळेना. त्यांनी खांद्यावरचा चौकड्यांचा रुमाल काढला आणि लाल गाडीचा वेग दाखवणारा काटा पूर्ण झाकून टाकला. स्वतः शेजारी बसले.

"अहो वस्ताद, वेग कळायला नको का?"

"चालव तू. वर देवळापर्यंत जायचं आणि माघारी यायचं. मी तोंडातनं शब्द काढणार न्हाई."

नवा रस्ता झाल्यापासून त्या जुन्या घाटाने फारसे कोणी जात नसे. लाल गाडी पाण्यातून सरकावी तशी वर निघाली. आत आवाज येत नव्हता, हादरा बसत नव्हता. श्रीरंगाच्या चेहऱ्यावर हसू होते. आपण सावकाशच चाललो आहोत, असे त्याला वाटत होते. आणि पाचव्या वळणापलीकडून उसाने भरलेला ट्रॅक्टर समोर आला. त्याने ब्रेक दाबला. गाडी थरथरली, तिच्या यंत्रणेने चाके सावरली आणि ट्रॅक्टरपासून हातभर अंतरावर ती उभी राहिली. डावीकडे कठड्यापलीकडे दरी होती. ट्रॅक्टरवाला शिव्या देत निघून गेला. श्रीरंगाने गाडी देवळापर्यंत नेली आणि वळवली.

खाली आल्यावर वस्तादांनी विचारले, "रस्ता कसा होता?"

"चांगला होता."

"चांगला म्हंजे?"

श्रीरंगाने आठवून पाहिले. ट्रॅक्टरखेरीज त्याला काहीही आठवेना.

अर्ध्या तासाने, चहा झाल्यावर, वस्तादांनी तोच रुमाल पांढऱ्या गाडीच्या काट्यावर टाकला. श्रीरंगाला आता जाण्याची इच्छा नव्हती. "जा," वस्ताद म्हणाले आणि पुन्हा शेजारी बसले.

ही गाडी कुरकुरत निघाली. गिअर हाताने बदलावे लागत होते आणि पहिल्या चढावर तो एकदा चुकलाही. पण दुसऱ्या वळणानंतर काहीतरी घडले. सुकाणूचक्रातून त्याच्या बोटांना रस्ता कळू लागला. झऱ्यापाशी सांडलेली बारीक खडी पुढच्या चाकांना लागली, तसा पाय आपोआप हलका झाला. तिसऱ्या वळणावर रस्ता बाहेरच्या अंगाला कलला आहे, हे त्याच्या पाठीला समजले. आणि पाचव्या वळणात शिरताच गाडी जणू कुणी ओंजळीत धरावी तशी अलगद स्थिर झाली आणि वळली.

श्रीरंगाने वळण संपल्यावर गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"वस्ताद, हे माझं वळण आहे."

त्याने मागच्या वळणाकडे बोट दाखवले.

"दरड कोसळली होती तेव्हा हा तुकडा मी नव्याने बांधून घेतला होता. गाड्या दरीकडे फेकल्या जाऊ नयेत म्हणून आतल्या अंगाला उतार किती द्यायचा, यासाठी तीन दिवस उन्हात मोजमापं घेत होतो. वरिष्ठ म्हणत होते, कशाला एवढं? मी ऐकलं नाही." त्याने वस्तादांकडे पाहिले. "मघाशी मी इथूनच गेलो. मला कळलंसुद्धा नाही."

"व्हय," वस्ताद म्हणाले. "तुझ्याच वळणावर तू मघाशी मरणार होतास."

मग श्रीरंगाने मनातले सांगून टाकले. जी माणसे तीस वर्षे त्याला पाहून उठून उभी राहायची, ती निवृत्तीनंतर ओळखही दाखवत नव्हती. लाल गाडीतून उतरलो तर पुन्हा माना वळतील, असे त्याला वाटत होते.

वस्तादांनी काट्यावरचा रुमाल काढून घडी घातली.

"रंगा, काटा झाकला तो तुला भ्या दाखवायला न्हाई. माणूस काट्याकडं बघून खूश होतो, आणि त्याला वाटतं आपण गाडीवर खूश हाय. आकडा दुसऱ्याला सांगायच्या कामाचा. तुझ्या हाताला काय कळलं ते दुसऱ्याला सांगता येत न्हाई, म्हणून तेवढंच तुझं. ती लाल गाडी वाईट न्हाई. पण तिची ताकद एवढी, की या घाटात तिला जाग यायच्या आत तुझं आयुष्य संपायचं. ह्या पांढरीला तू चाळिसाच्या वेगात पुरं वापरू शकतोस. जी वस्तू पुरी वापरता येती, तिच्यातच आनंद असतो. उरलेली नुसती मिरवायची. आता तुला काय पायजे ते तू ठरव. मी होकार देणार न्हाई आणि नकारबी देणार न्हाई."

श्रीरंगाने गाडी सुरू केली आणि सावकाश खाली आणली.

पांढरी घ्यायचा श्रीरंगाचा निर्णय ऐकून जयदीप नाराज झाला नाही. तो आपल्या लाल गाडीला टेकून उभा होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "वस्ताद, मग माझीत काय दोष?"

"गाडीत दोष न्हाई. सहा वर्षं घरात ठेवलीस, पण तुमची दोघांची अजून भेटच झाली न्हाई."

"मग विकू का नको?"

"ते मला विचारू नको. आधी एक म्हैना रोज सकाळी मोकळ्या रस्त्यावर घेऊन जा. मग बी विकावी वाटली, तर खुशाल विक."

जयदीपने मान हलवली. त्या दिवसानंतर त्याने गाडी दुसऱ्या कोणाला दाखवली नाही.

सुमतीबाईंनी किल्ली श्रीरंगाच्या हाती दिली आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले की आता घरी परत जायला वाहन नाही. "सोडतो ना मी," श्रीरंग म्हणाला. "जवळचा रस्ता घेऊ की लांबचा?"

"लांबचा," त्या चटकन म्हणाल्या.

मग ते दोघे घाटातून निघाले. सुमतीबाई आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या गाडीत डाव्या बाजूला बसल्या होत्या. पहिली काही वळणे त्यांचा डावा पाय नकळत क्लच शोधत राहिला. मग शांत झाला. सह्याद्रीच्या रांगा एकेक करून मागे पडत गेल्या. श्रीरंग प्रत्येक वळणाआधी वेग उतरवत होता, प्रत्येक वळणानंतर हलकेच वाढवत होता.

गावाची घरे दिसू लागली तेव्हा सुमतीबाईंनी विचारले, "तुमची नीट ओळख करून घ्यायचीच राहिली. आपण काय करत होतात?"

गेली दोन वर्षे या प्रश्नाचे उत्तर देताना श्रीरंग आधी ताठ बसत असे, मग पद सांगत असे आणि त्यानंतर खाते.

"मी रस्ते बांधायचो," तो म्हणाला आणि पुढच्या वळणासाठी गिअर उतरवला.