लिंडेनबाखचा सोमवार

ते समोरचं उतरतं कुरण पाहिलंत? त्याच्या कुंपणाला एक लाकडी दाताळं टेकवून ठेवलंय, एक दात तुटलेला. आमच्या गोल्फ स्पर्धेचा करंडक तोच. हसू नका मंडळी, मी कराडहून जावई म्हणून लिंडेनबाख या ऑस्ट्रियन खेड्यात आलो तेव्हा मीही हसलो होतो. मग सासूबाईंनी समोर बसवून सगळं सांगितलं.

आमची स्पर्धा दुसऱ्या फळीची. मोठ्या मालिकेत अजून न पोचलेले व्यावसायिक खेळाडू इथे येतात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात. पूर्वी इथल्या विजेत्याला शहरात लगेच सोमवारी होणाऱ्या मोठ्या मालिकेच्या पात्रता फेरीत जागा मिळे. वर चढायचं दार वर्षातून तेवढं एकदाच उघडायचं.

असं सांगतात की, स्पर्धेच्या दुसऱ्याच वर्षी इव्हान प्रॉसर नावाचा वेल्सचा खेळाडू वाल्बुर्गा या विधवा बाईकडे उतरला होता. वाल्बुर्गा म्हणजे माझ्या सासूबाईंची आई, बायकोची आजी. व्यावसायिक खेळाडू म्हणून इव्हानचं हे सहावं वर्ष. यंदा नाही जमलं तर वडिलांबरोबर नळ जोडायचे, असं ठरवूनच तो आला होता. शनिवारपर्यंत तो सगळ्यांच्या पुढे होता आणि शनिवारी दुपारी ढगफुटी झाली. ओढा मैदानात शिरला. खळग्यांभोवतीच्या हिरवळींवर बोटभर गाळ बसला. रविवारी अकरापर्यंत मैदान साफ झालं नाही तर स्पर्धा रद्द, असं आयोजकांनी जाहीर केलं.

रविवारी लख्ख ऊन पडलं. गावात प्रत्येकाचं कापलेलं गवत भिजून पडलेलं. ते उलटून वाळवायचं तर आजच, नाहीतर कुजणार, आणि हिवाळाभर गाईंना घालायचं काय? वाल्बुर्गाच्या चार गाई होत्या, दुसरा आधार नव्हता. तरी ती दाताळं खांद्यावर टाकून कुरणाकडे न जाता मैदानाकडे निघाली म्हणे. शेजारणीने हटकलं, तर म्हणाली, "गवत माझं आहे, पण पोरगाही माझ्याच घरी जेवतोय."

मग काय, गाव करी ते राव न करी. झाडू, फळ्या, दुधाच्या बरण्या घेऊन सगळे लोटले. गाळ खरवडताना एका दगडावर वाल्बुर्गाच्या दाताळ्याचा दात तुटला. अकराला पाच कमी असताना शेवटची हिरवळ धुऊन झाली. खेळ झाला आणि इव्हान जिंकला.

संध्याकाळी तो पिशवी न्यायला घरी आला. सोमवारच्या पात्रता फेरीसाठी शहराकडे जाणारी सहाची गाडी गाठायची होती. पाहतो तर वाल्बुर्गा एकटीच कुरणात, तुटक्या दाताळ्याने ओलं गवत उलटतेय. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पुन्हा पाऊस सांगितला होता. तो कुंपणाशी बराच वेळ उभा राहिला. मग पिशवी तिथेच ठेवून आत शिरला.

"अरे पोरा, गाडी चुकेल तुझी!"

"चुकू दे, मावशी. द्या ते दाताळं इकडे."

गाडीची शिट्टी झाली तेव्हा त्याने मान वर केली नाही, असं सासूबाई सांगत. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, त्यांनी स्वतः पाहिलंय. हे कळताच बाकीचे खेळाडूही थांबले. सोमवारी सकाळपासून गावातल्या प्रत्येक कुरणात खेळाडू राबत होते. दुपारी दोनला शेवटचा भारा कोठारात गेला आणि तीनला पाऊस आला. रविवारी द्यायचा राहिलेला करंडक आयोजकांनी कुरणातच आणला, तर इव्हान म्हणाला, तो राहू द्या, मला हे दाताळं द्या, आणि ते इथेच कुंपणाला टेकवून ठेवलं.

मोठ्या मालिकेत तो कधी पोचला नाही. नळ जोडत राहिला. पण दर वर्षी गवताला यायचा. आमच्या स्वयंपाकघरातला नळ त्यानेच बसवलेला आहे, अजून गळत नाही. भांडी घासताना मला त्याची आठवण येते आणि बरं वाटतं. त्या चार गाई जगल्या म्हणून सासूबाईंचं शिक्षण झालं, आणि माझा संसार इथे उभा आहे.

आजही रविवारी इथे कुणाला बक्षीस मिळत नाही. सोमवारी सगळे खेळाडू गवत उलटतात, शेवटचा भारा आत गेला की विजेत्याच्या हाती ते दाताळं देतात. मग तो निवांत जेवतो आणि सहाच्या गाडीने शहरात जातो. घाई नसते. इव्हानची हकीकत ऐकल्यावर मोठ्या मालिकेवाल्यांनी पात्रता फेरी मंगळवारी ठेवली, ती आजही मंगळवारीच असते.