दहा हजार एक कौलं

फार जुन्या काळी एका गावाला एक पाटील होता. गावात काहीही वाटलं की उरलंसुरलं पाटलाच्या घरी जायचं, असा रिवाज. त्यामुळे कुठलीच वाटणी पुरती बसू नये, असंच त्याला वाटायचं.

एकदा मोठं वादळ झालं. घरोघरची कौलं उडाली. पाटलाच्या घराचेही नुसते वासे राहिले. राजाने गाड्या भरून कौलं धाडली, मोजून दहा हजार एक. वरचं एक शकुनाचं असेल, असं पाटलाने धरलं.

गाड्यांबरोबर आलेला कारभारी म्हणाला, "जितक्या चुली तितक्या सारख्या वाटण्या करा. एक जरी कौल उरलं तरी सगळी परत नेणार."

वेशीच्या आत चुली बहात्तर. वेशीबाहेर केरसुण्या बांधणारी एक म्हातारी राहायची. तिने एकदा चारचौघांत पाटलाला विचारलं होतं, "उरलेलं दर वेळी तुलाच कसं रे सापडतं?" तेव्हापासून तिची चूल गावात धरत नसत.

बहात्तर ढीग घातले. प्रत्येकी एकशे अडतीस, आणि उरली पासष्ट. मग पाटलाने वेगळ्या राहणाऱ्या दोघा भावांना दटावलं, "आता एकत्र रांधायचं." चुली झाल्या एकाहत्तर. उरली एकसष्ट. एका सासूसुनेची चूलही एक केली. चुली सत्तर झाल्या, उरली तीच एकसष्ट. सासूसून तेवढ्या भांडायला लागल्या.

"आकडाच खोडसाळ आहे," पाटील म्हणाला.

"मग अख्ख्या गावाची एकच चूल मांडा," पाटलीण म्हणाली. "तेव्हा नक्की बसेल. रांधायला तुम्ही बसा."

कारभाऱ्याने बैल जुंपायला सांगितलं. लोक पाटलाकडे बघायला लागले. तो मुकाट्याने वेशीबाहेर गेला.

"चल म्हातारे, तुझी वाटणी घे."

"मी कुठं गावातली?"

"तुझी चूल धरल्याशिवाय हिशेब बसेल असं वाटत नाही."

"म्हणजे माझ्यासाठी नाही आलास."

"नाही."

"खरं बोललास, तेवढं पुरे," म्हणत ती उठली.

भावांच्या आणि सासूसुनेच्या चुली पुन्हा वेगळ्या धरल्या, म्हातारीची मिळवली. त्र्याहत्तर ढीग झाले. प्रत्येकी एकशे सदतीस. शेवटचं कौल शेवटच्या ढिगावर बसलं आणि गाड्या रिकाम्या झाल्या. पाटलाने सवयीने इकडेतिकडे पाहिलं. काही उरलं नव्हतं.

"राजाला आमच्या चुली कशा कळल्या?" त्याने विचारलं.

"टेकडीवरून धूर मोजले," कारभारी म्हणाला. "तिथून वेस दिसत नाही."

तात्पर्य: वाटणी बसत नसेल तर आकड्याला नावं ठेवू नका. आपण कुणाला मोजलं नाही, ते आधी बघा.