दुसरी मूठ

एकदा एका मठात दोन शिष्यांची पैज लागली. लावणारा नऱ्या, घेणारा दिगू. दिगूला कुणी नुसतं 'तुझ्यानं व्हायचं नाही' म्हणालं की पुरे, त्याचं डोकं तिथंच बंद पडायचं.

"नव्या म्हाताऱ्याच्या आमटीत मूठभर मीठ टाकून दाखव," नऱ्या म्हणाला. "टाकलंस तर महिनाभर तुझं धोतर मी धुतो. पण तुझ्यानं व्हायचं नाही."

"आत्ताच सोडून देऊ का धोतर?" दिगू म्हणाला, आणि अशा रीतीनं सगळं ठरलं.

म्हातारा आदल्याच दिवशी आला होता. मठाचा जुना आचारी काम सोडून मुलाकडे राहायला गेला होता आणि दुसरा हवा होता. मठाला तांदूळ, डाळ, तेल असा सगळा शिधा धान्याचे एक व्यापारी पुरवायचे. त्यांना सगळे शेटजी म्हणत. आचारी कोण ठेवायचा तेही तेच ठरवायचे. म्हातारा त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला. नाव विसाजी. एका हातात पत्र्याची पेटी, डोक्यावर काळेभोर केस. कलप लावलेला, तोही घाईनं, कारण कानाच्या पाळ्यासुद्धा काळ्या झाल्या होत्या. पोरं एकमेकांना कोपरं मारत होती.

"वय किती?" शेटजींनी विचारलं.

"साठ."

"साठ होऊन किती वर्षं झाली?"

पोरं हसली. विसाजीही जरासा हसला. "झाली थोडी," तो म्हणाला. "चाळीस वर्षं बोर्डिंगच्या पोरांना जेवायला घातलं. बोर्डिंग बंद पडलं. तेव्हापासून सात दारं झाली शेटजी. हात कुणी बघत नाही, सगळे केसच बघतात. म्हणून मग केस काळे केले."

"खोटं कशाला?"

"केसच खोटे आहेत. बाकी सगळं खरं आहे."

मग तो हळू आवाजात म्हणाला, की इथं आचाऱ्याला स्वयंपाकघरामागची खोली मिळते असं ऐकलंय. बायकोला भाचीकडे ठेवलंय. भाची काही बोलत नाही, पण बायको आताशा भूक नाही म्हणून एकच पोळी खाते. काम लागलं तर तिला घेऊन येईन.

शेटजी मनानं वाईट नव्हते. "उद्या नैवेद्याचा स्वयंपाक करा," ते म्हणाले. "जमलं तर राहा."

आता नैवेद्याचा स्वयंपाक म्हणजे काय, तर देवाच्या आधी कुणी चाखायचं नाही. आचाऱ्यानंही नाही. मीठ किती, तिखट किती, ते हातानं आणि नाकानं ओळखायचं. देवाचं ताट आधी वाढून गाभाऱ्यात न्यायचं, मग आरती, मग पंगत. आणि देवाचं ते ताट पंगतीत मठाचे म्हातारे महाराज प्रसाद म्हणून जेवायचे. ही तिथली जुनी रीत. नऱ्यानं पैज काढली ती याच भरवशावर. मीठ पडलं तरी म्हाताऱ्याला कळणार कसं?

दिगू सकाळपासून चुलीभोवती घुटमळत होता. त्यानं विसाजीला मीठ घालताना बघितलं. विसाजी लाकूड ओलं आहे की काय यावर काहीतरी बडबडत होता, आणि बडबडताना बरणीत हात घालून एक मूठ आमटीत सोडून मोकळा झाला. भांड्याकडे बघितलंसुद्धा नाही. जेवताना आपला हात आपण बघतो का, तसं.

ताट गाभाऱ्यात गेलं. आरती सुरू झाली, सगळे सभामंडपात टाळ्या वाजवायला गेले, विसाजीही गेला. दिगू मागच्या मागे सटकला. झाकण उचललं, मूठ टाकली, झाकण ठेवलं. कापूर फिरवायच्या आत तो परत टाळ्या वाजवत उभा होता. नऱ्यानं डोळा मारला.

पंगत बसली. पहिल्या घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. शेटजींनी वाटी बाजूला सरकवली.

"आजोबा," ते म्हणाले, आणि अगदी मायेनं म्हणाले, "मीठ दोनदा पडलंय."

विसाजी पळी हातात घेऊन उभा राहिला. "दोनदा?"

"होतं असं. वय झालं की विसरायला होतं. तुमचा काही दोष नाही त्यात."

म्हातारा भांडेल, कांगावा करेल, मग मजा येईल, असं दिगूला वाटलं होतं. विसाजी भांडला नाही. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. चुलीच्या घामानं कलप विरघळून कानामागून काळा ओघळ मानेवर आला होता. नऱ्यानं तो दाखवला आणि पोरं खुदखुदली. दिगूला मात्र हसू येईना.

"मला एकदाच घातल्यासारखं वाटतंय," विसाजी म्हणाला. मग पळी खाली ठेवली. "पण पडलं असेल. दोनदाच पडलं असेल."

महाराज देवाचं ताट जेवत होते. त्यांनी आपल्या वाटीतली आमटी शांतपणे संपवली. पंगतीत सगळे पाणी पीत होते, आणि महाराजांनी रिकामी वाटी पुढे केली. "मोठ्या भांड्यातली वाढा जरा."

वाढली. तीही त्यांनी पिऊन टाकली. चेहऱ्यावर रेषा हलली नाही. नऱ्या दिगूच्या कानात म्हणाला, "जीभ गेली वाटतं महाराजांची."

"उद्याही स्वयंपाक हेच करतील," महाराज म्हणाले.

"महाराज, दया वेगळी आणि पंगत वेगळी," शेटजी म्हणाले.

"एक दिवस द्या." मग महाराजांनी मान न वळवता सांगितलं, "दिगू, उद्या तू यांच्याजवळ बस. कशाला हात लावू नकोस. ते काही विचारतील तर उत्तर दे, एवढंच काम."

कळलं की काय यांना? पण कळलं असतं तर बोलले असते, असं त्यानं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी तो चुलीपाशी बसला, आणि काल बघितलेला माणूस त्याला तिथं दिसेना. हा कुणी दुसराच होता. यानं डाळ धुतली आणि विचारलं, "धुतली ना मी?" तांदूळ वैरले आणि झाकण तीनदा उघडून बघितलं. हळद घातल्यावर आमटी पिवळी झालेली दिसत होती, तरी हळदीचा डबा हातात धरून तसाच उभा राहिला.

"पोरा, मीठ घातलं का मी?"

"नाही आजोबा."

"नक्की?"

"नक्की."

विसाजीनं मूठ भरली. हात भांड्यावर नेला, आणि मागे घेतला. मीठ परत बरणीत टाकलं.

"काल पण मला नक्की वाटत होतं," तो म्हणाला. "मागच्या पावसाळ्यात घराची किल्ली ठेवली कुठं तेच आठवेना. हातातच होती. बायको हसली, मीही हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं. तेव्हापासूनच लागलं असेल हे." त्यानं पुन्हा मूठ भरली, पुन्हा रिकामी केली. "मी खरंच नाही घातलं?"

दिगूच्या गळ्याशी एक वाक्य आलं होतं. चार शब्दांचं. ते दातांपर्यंत आलं आणि परत फिरलं. "नाही घातलं," एवढंच तो म्हणाला, आणि त्याचाच आवाज त्याला खोटा वाटला.

विसाजीनं त्याच्याकडे बघितलं. पोराचा चेहरा उतरलेला. म्हाताऱ्यानं त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला. "तू मला वाईट वाटू नये म्हणून सांगतोयस," तो म्हणाला. "राहू दे. अळणी झालेलं बरं. पानातलं मीठ वरून घेता येतं. आत पडलेलं काढता येत नाही."

त्या दिवशीची आमटी अळणी झाली. देवाच्या ताटातली, पंगतीतली, सगळीच.

शेटजींनी एक घास घेतला आणि आजही वाटी बाजूला केली. "काल जास्त, आज नाहीच. महाराज, आता तरी पटलं ना?"

विसाजीची पेटी दाराशी ठेवलेलीच होती. त्यानं सकाळीच भरून ठेवली होती. "बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "सात दारी जे सांगितलं ते मला इथं चुलीपाशी बसल्यावर पटलं. आता दार नाही ठोठावत कुणाचं."

महाराजांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"गेल्या महिन्यात आपल्या नऱ्यानं दूध उतू जाऊ दिलं," ते म्हणाले. "आपण काय म्हटलं? पोराचं लक्ष नव्हतं. परवा शेटजींनी साखरेच्या पोत्याऐवजी रव्याचं धाडलं. आपण म्हटलं, कामाचा व्याप फार. मग यांच्या हातून आमटी खारट झाली तेव्हा एका घासात कसं ठरवलं, की वय झालं? चूक सगळ्यांची होते. म्हाताऱ्याची झाली की आपण चूक बघत नाही, जन्मसाल बघतो."

महाराज तसेच पुढे बोलत राहिले.

"आणि ती चूक यांची नव्हतीच. काल देवाच्या ताटातली आमटी मी जेवलो. इतकी नेमकी आमटी बऱ्याच वर्षांत जेवलो नव्हतो. मग तुमच्यातली मागून घेतली. भांडं एकच. ताटातली बरोबर, पंगतीतली खारट. मध्ये फक्त आरती झाली होती."

शेटजी ताठ बसले. "मग कालच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, महाराजांना दया आली. आणि यांनीही तेच मानलं असतं. यांच्या मनात जी शंका बसली ती माझ्या शब्दानं निघणारी नाही. ज्यानं टाकली त्यानंच काढायला हवी. त्याची वाट बघत होतो मी." महाराजांनी विसाजीकडे बघितलं. "एक दिवस जास्तच बघितली. तेवढं माझं चुकलं, विसाजी."

ते पोरांकडे वळले नाहीत. कुणाचं नाव घेतलं नाही. दिगूला ते जास्त जड गेलं. नाव घेतलं असतं तर नाही म्हणता आलं असतं, नऱ्याकडे बोट दाखवता आलं असतं. नऱ्या पानातला भात चिवडत होता. वर बघत नव्हता.

दिगू उठला. अर्ध्या पानावरून उठू नये हेही त्याला सुचलं नाही. उष्ट्या हातानं तो विसाजीसमोर जाऊन उभा राहिला.

"आजोबा, दुसरी मूठ माझी होती. आरती चालू होती तेव्हा टाकली. पैज लागली होती म्हणून."

मार बसेल, शिव्या बसतील, अशा तयारीनं तो उभा होता. विसाजीनं दोन्हीपैकी काही केलं नाही.

"म्हणजे मी एकदाच घातलं होतं?"

"एकदाच. मी बघत होतो. भांड्याकडे न बघता घातलंत."

"एकदाच," विसाजी म्हणाला. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "एकदाच."

तो वळला. आमटीचं भांडं अजून निखाऱ्यांवर होतं. त्यानं बरणीत हात घातला, मूठ सोडली, पळीनं ढवळलं. कुणाला काही विचारलं नाही.

शेटजींनी बाजूला केलेली वाटी पुढे सरकवली. "तुमच्या बाईंना मागच्या खोलीत कधी आणायचं म्हणालात?"